कुशाबाईंनी न मारलेली गाठ

रामहरीच्या गळ्यातली तुळशीची माळ कुशाबाईंनी ओवलेली. दोरा त्यांचा आणि मानेवरची गाठही त्यांचीच, जाडसर, जरा तिरकी. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली. दोरा झिजला की नवा ओवायचा आणि पांडुरंगाचं नाव घेऊन गाठ मारायची, हे काम त्यांनी दुसऱ्या कुणाला करू दिलं नव्हतं.

म्हणून बारामतीच्या साळवे सिस्टर पळसदेवला येऊन ओसरीवर नेपाळचं बोलू लागल्या, तेव्हा कुशाबाईंची नजर आधी त्या माळेवर गेली.

सिस्टर काही परक्या नव्हत्या. पंधरा वर्षांपूर्वी पाण्याच्या मोटारीच्या पट्ट्यात रामहरीचा हात सापडला, तेव्हा टाके त्यांनीच घातले होते. आता त्या निवृत्त झाल्या होत्या, आणि त्यांच्या चर्चमधली अकरा माणसं भूकंपात पडलेल्या एका डोंगरगावाच्या मदतीला निघाली होती. जमीन हलली तसा तिथला झरा आटून दुसरीकडेच फुटला होता. जुना पाइप कोरडा पडलेला; बायका तासभर चढून पाणी आणत होत्या. उजनीच्या फुगवट्यातून शेतांना पाणी चढवायच्या पाइपलाइनी रामहरीनं आयुष्यभर टाकलेल्या. असा माणूस त्यांना हवा होता.

"आन बदल्यात काय द्यायचं?" कुशाबाईंनी विचारलं.

"काही नाही, कुशाबाई. जाणं-येणं, जेवणखाण सगळं आमच्याकडं."

ते 'काही नाही'च कुशाबाईंना खुपलं. धरणाचं पाणी गावात चढत होतं तेव्हा त्या बारा वर्षांच्या होत्या. असाच एक गोडबोल्या त्यांच्या वडिलांच्या मदतीला आला होता. काही मागितलं नाही, कागदावर अंगठा तेवढा घेतला. बुडालेल्या जमिनीच्या बदल्यात मिळायची होती ती काळी रानं त्या अंगठ्यापायी दुसऱ्याच्याच नावावर गेली.

"तितं न्येऊन ह्यास्नी पान्यात बुडवून बाटवनार तर न्हाय ना?"

सिस्टर हसल्या. "अहो, बुडवायला तिथं पाणी कुठंय? म्हणून तर यांना नेतोय!"

रामहरीलाही हसू आवरेना. कुशाबाई हसल्या नाहीत. जबाबदारीचा म्हणून जो कागद होता तो त्यांनी सुनेकडून, स्वप्नालीकडून, दोनदा वाचून घेतला, मागची कोरी बाजूही उलटून पाहिली, आणि मगच नवऱ्याला सही करू दिली.

नेपाळातून रोज दिवेलागणीला व्हिडिओ कॉल यायचा. कुशाबाई नवऱ्याचा चेहरा बघायच्याच नाहीत. "फोन जरा खाली घ्या," म्हणायच्या. माळ दिसली की, "बरं, जेवलासा का?" पाचव्या दिवशी गळ्यात मफलर. "थंडी हाय गं," रामहरी म्हणाला. सहाव्या दिवशीही मफलर.

सातव्या दिवशी कुशाबाई म्हणाल्या, "काढा त्यो."

तो घुटमळला. मग काढला. गळा मोकळा होता.

कुशाबाईंनी फोन पालथा घातला. पुढचं काही ऐकूनच घेतलं नाही. दिवसातून चारदा चहा लागणारी बाई, पण त्या संध्याकाळी देवापुढं बसून बोलल्या: माळ जागेवर बघेपर्यंत चहा वर्ज्य.

देवळाच्या पायरीवर शेजारच्या हिंदुरावानं चिडवलं, "काय वैनी, औंदा नाताळाचा केक तुमच्याकडं म्हना की!"

"ये ना, तुज्याच तोंडात कोंबते," असं म्हणून त्या पुढं झाल्या. पण नाम घ्यायला डोळे मिटले की तो मोकळा गळा समोर येई.

आठव्या दिवशी त्यांनी फोन घेतला.

"अगं, ऐक तर," रामहरी म्हणाला. "हितली मानसं आमाला दारात उभं करत न्हवती. आधी कुनीतरी ब्लँकेटांबरूबर धर्माची पुस्तकं वाटून गेलं, तवापासनं बिथरल्यात. माझी माळ बघून एका म्हातारीनं दार उघडलं. म्हनली, समदे तुमच्यातलेच का? तर आमच्यातला एकजन व्हय म्हनला. मला न्हाय खपलं. माळ दावून खोटं आत शिरायचं? मी माळ सोडली, खिशात ठिवली. सांगितलं, ह्ये चर्चचे, मी माळकरी, आन पान्यासाठी आलोय. आता टाकीत पानी पडल्याबिगर घालनार न्हाय."

"मग?"

"मग काय, दार लागलं!"

"आन सिस्टर?"

"त्या व्हय म्हननाऱ्याला समद्यांदेखत झापला त्यांनी."

गोष्ट चांगली होती. जरा जास्तच चांगली होती.

"पाठ करून बोलल्यागत बोलतायसा," एवढंच त्या म्हणाल्या.

तिसऱ्या आठवड्यात जीप दारात थांबली. रामहरी वाळला होता. मागोमाग सिस्टर उतरल्या. कुशाबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, नवऱ्याच्या पायांवर पाणी घातलं आणि म्हणाल्या, "वाका."

गळ्यात माळ होती. मणी पुरे होते. दोराही तोच होता. पण गाठ? बारीक, चपटी, एकावर एक बसवलेली.

"ही गाठ कुनाची?"

रामहरीनं सिस्टरकडं पाहिलं.

"माझी," सिस्टर म्हणाल्या. "पाइपात हवा धरली होती. यांनी चढावर भोक पाडून ती काढली, तेव्हा कुठं टाकीत पाणी पडलं. यांचे हात पाइप जोडायच्या सोल्युशननं चिकटलेले. म्हणाले, सिस्टर, आत्ताच्या आत्ता बांधा. मला जखमेच्या टाक्याचीच गाठ येते, ती मारली."

"तुळशीची माळ. तुमी."

"पांडुरंगाचं नाव तेच घेत होते, बाई. मी नुसता दोरा धरला."

कुशाबाईंनी नखानं गाठ उकलून पाहिली. सुटेना. माळेला कात्री लावायचं तर त्यांच्या मनातही येणं शक्य नव्हतं. त्या आत गेल्या, दोऱ्याचा तुकडा आणला आणि सिस्टरच्या हातात दिला.

"हितं बांधून दावा. खाटंच्या खुराला. सावकाश."

सिस्टर खाली बसल्या. त्या बांधत होत्या तेव्हा कुशाबाई त्यांच्या हातांकडं बघत नव्हत्या, ओठांकडं बघत होत्या. ओठ हलले नाहीत. मग कुशाबाईंनी दोरा धरून हिसका दिला. पुन्हा दिला. गाठ तशीच राहिली.

"गाठ चांगली हाय," त्या म्हणाल्या. "पर दोरा झिजला की पुढली माझीच."

आणि आत वळून हाक मारली, "स्वप्नाली, च्या टाक. चार कप. माझा बी."

मग पदर खोचून त्या सिस्टरसमोर बसल्या.

"च्या हुईस्तवर त्यो सहीचा कागद काढा बघू. काम झालं, आता माघारी द्या."