खाटकाच्या बाभळीपासून फाटकापर्यंत

इथले भुताखेतांचे अनुभव मी बरीच वर्षं नुसती वाचत आलेय. खरं सांगू? निम्म्या वेळा हसलेय. मी झूऑलॉजीवाली... दिसतं ते बघायचं, दिसत नाही त्याबद्दल गप्प बसायचं, एवढंच शिकलेय. देवाला हात जोडते, पण भूत, चकवा, बाहेरची बाधा वगैरे आमच्या घरात कोणीच मानत नव्हतं. आजही "मानते" म्हणणार नाही. जे झालं ते सांगते. आईला विचारून सांगतेय.

गोष्ट अठ्ठ्याण्णवच्या हिवाळ्यातली. आम्ही दुबईत, अल मनखूलला राहायचो. बाबांचा बिल्डिंग मटेरियलचा धंदा, गोडाऊन रास अल खोरला. मी पुण्यात एम.एस्सी. करत होते आणि डिसर्टेशनच्या फील्डवर्कसाठी घरी आले होते. माझा विषय खाटीक पक्षी. बुलबुलाएवढा, राखाडी, डोळ्यांवर काळी पट्टी. पाली, नाकतोडे मारतो आणि नंतर खायला म्हणून बाभळीच्या काट्यांना टोचून ठेवतो. खाटकाच्या दुकानात मटण टांगतात ना, अगदी तसं. आग लागून गेल्यावर तो जुन्याच झाडावर साठा करतो की नवं झाड शोधतो, हे मला बघायचं होतं.

तशी जागा बाबांच्या एका जुन्या गिऱ्हाइकामुळे मिळाली. खोर फक्कानच्या अलीकडे, डोंगरात, कोरड्या वादीच्या, म्हणजे पावसाळी ओढ्याच्या पात्राच्या, काठावर त्या अरब गृहस्थांची खजुरीची छोटी बाग होती. उन्हाळ्यात ती जळाली, त्यांनी परत लावलीच नाही. चारी बाजूंनी माणसापेक्षा उंच दगडी भिंत, वादीच्या अंगाला एकच हिरवं लोखंडी फाटक. आत काळे ठिक्कर बुंधे, जमिनीवर राखेचा थर आणि मधोमध एक बाभूळ... अर्धी जळलेली, अर्धी जिवंत. कुठेही उभं राहा, सगळी बाग दिसायची. म्हणजे हरवायला तिथे जागाच नव्हती.

आधीच्या फेऱ्या मी बाबांबरोबर केल्या, काही म्हणजे काही झालं नाही. मग एका शुक्रवारी आई म्हणाली, "दर सुट्टीला बापलेक कुठे उंडारता, बघू तरी." थालीपिठं आणि चहाचा थर्मास घेऊन तीही निघाली.

पोचलो तेव्हा छान कोवळं ऊन होतं. बाबांनी सीट मागे पाडली, पेपर तोंडावर घेतला. "जाऊन या तुम्ही. मग यल्ला, थेट समुद्रावर."

बाभळीवर काट्याला एक पाल टोचलेली होती, ताजी. मी खूश! आई म्हणाली, "ईऽऽ! हे असलं शिकायला पुण्याला पाठवलं तुला?" मी फोटो काढले, काटे तपासले. आईने थर्मास झाडाखालच्या दगडावर ठेवून चहा ओतला. चहा झाला आणि मी म्हटलं, "चल आई, बाबा वाट बघत असतील."

वळले. फाटक नव्हतं.

मोडलेलं नाही, बंद नाही... नव्हतंच. त्या जागी भिंत होती. तीच जुनी, काळवंडलेली, फटींमध्ये वाळकं गवत असलेली.

"आपण त्या बाजूने आलो असू," आई म्हणाली. भिंतीला हात लावून आम्ही सगळी बाग फिरलो आणि आमच्याच पावलांच्या ठशांपाशी परत आलो. कुठेही वाट नाही. मी हाका मारल्या. बाहेरून हॉर्न ऐकू आला, बाबांचा आवाजही आला, पण आधी वादीकडून, मग अगदी उलट, डोंगराच्या बाजूने. आणि तो खाटीक पक्षी... तोसुद्धा भिंतीपर्यंत उडत जायचा, वळून परत बाभळीवर यायचा. पुन:पुन्हा.

"मला वर चढव," मी आईला म्हटलं. तिने माझे पाय धरले. दगड निसटत होते, तरी कशीबशी हनुवटी भिंतीच्या वर गेली.

पलीकडे वादी नव्हती. गाडी नव्हती. तीच बाग होती. काळे बुंधे, अर्धी जळकी बाभूळ, आणि दगडावर आमचा लाल थर्मास.

"काय दिसतंय गं?"

"काही नाही. दगड सुटतायत." मी खाली उतरले. तिला हे घरी आल्यावरच सांगितलं.

तोवर आईला धाप लागली होती. तिला दमा आहे, आणि आमच्या चालण्याने राख उडत होती. पंप पर्समध्ये, पर्स गाडीत. मी तिला बाभळीखाली बसवलं, ओढणी नाकाला धरली. तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. "घाबरू नकोस," ती मला म्हणत होती... मला! मग थांबून म्हणाली, "मला काही झालं तर बाबांना म्हणावं..."

"आई, गप्प बस."

भर उजेड, वर निळं आभाळ, आणि चार भिंतींच्या आत माझी आई श्वासासाठी धडपडतेय. आयुष्यात इतकं कोंडल्यासारखं मला परत कधी वाटलं नाही. लिफ्टमध्ये अडकले होते तेव्हाही नाही.

तेवढ्यात तिने माझं मनगट दाबलं. "तिकडे बघ."

समोर राखेत पावलाचा ठसा होता. आधी नव्हता. मग आमच्या डोळ्यांदेखत पुढचा उमटला. टाच, मग चवडा, राख हळूच दबली. आवाज नाही. माणूस नाही. पुढचा. त्याच्या पुढचा. पुरुषाचं, बुटातलं पाऊल, सरळ आमच्याकडे येणारं. हातभर अंतरावर येऊन ते थांबलं.

आई हळूच म्हणाली, "अहो... तुम्ही आहात का?"

थोड्या वेळाने ठसे वळले आणि परत जायला लागले.

"ऊठ," आई म्हणाली. "तुझे बाबाच आहेत. आपल्याला ते दिसत नाहीत, त्यांना आपण. ते बाहेर निघालेत. त्यांच्या मागून जायचं."

"आई, तिथे भिंत आहे."

"मला दिसतेय. वर बघू नकोस, नुसतं पाऊल बघ."

ती पुढे, तिच्या खांद्यावर हात ठेवून मी. ती प्रत्येक ठशात पाय ठेवत होती, तिच्यामागून मी. शेवटचा ठसा अर्धाच होता. उरलेला अर्धा भिंतीखाली. आई थांबली नाही. मी डोळे गच्च मिटले, आता दगड कपाळावर आदळणार...

पायाखाली वाळूखडी करकरली. कानात हॉर्न घुसला. डोळे उघडले तर समोर गाडी, हॉर्नवर हात ठेवून उभे बाबा, आणि मागे हिरवं फाटक. सताड उघडं.

पंप घेतल्यावर आईचा श्वास हळूहळू ताळ्यावर आला. बाबा घाबरलेले आणि म्हणून चिडलेले. "कुठे होता तुम्ही? किती शोधलं!"

"तुम्ही आत आलात म्हणून तर सुटलो," आई म्हणाली.

"आत? मी कुठे आत आलो? फाटकातून पाहिलं, बाग रिकामी. वाटलं वादीत उतरलात, म्हणून तिकडे धावलो."

मी त्यांच्या पायांकडे पाहिलं. सुट्टीचा दिवस म्हणून ते चपला घालून आले होते. राखेत उमटले होते ते बुटांचे ठसे.

बाबा फाटकापर्यंत गेले. उंबऱ्यावर उभं राहून आत, बाभळीखाली बघत राहिले, बराच वेळ. एकदा वळून आईकडे पाहिलं, पुन्हा आत. मग फाटक ओढलं, कडी घातली. परत आले तेव्हा चेहरा पांढरा पडला होता. "खलास. चला." समुद्राचं नाव कोणी काढलं नाही.

पुढे मी त्या अरब गृहस्थांकडे आडून आडून चौकशी केली. वाळक्या झावळ्या जाळताना आग पसरली होती. कोणी मेलं नव्हतं, कोणाला साधं भाजलंसुद्धा नव्हतं. तिथे कधी कोणाला काही दिसल्याचंही ऐकिवात नव्हतं. डिसर्टेशन मी दुसरीकडच्या झाडांवर पूर्ण केलं.

त्या दिवशी बाबांनी फाटकातून काय पाहिलं, ते त्यांनी कधीच सांगितलं नाही. हे लिहायला बसण्याआधी मी पुन्हा विचारलं. त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला. आतल्या खोलीत आई फोनवर कोणाशी तरी हसत होती, ते थोडा वेळ ऐकत राहिले.

"ती आली ना परत?" म्हणाले. "मग नको विचारूस."

आणि टीव्हीचा आवाज पुन्हा वाढवला.