इसाकोच्या खुनाचा मानकरी

एरापो गावातल्या ख्रिस्ती मंडळीचा इतिहास काल्फाउला तोंडपाठ होता, कारण दरवर्षी गावात येशूची सुवार्ता पोचल्याच्या सणाला त्यातला सगळ्यात घाणेरडा भाग त्याच्या वाट्याला यायचा. किनाऱ्यावर नाटक व्हायचं. सामोआहून आलेला शिक्षक इसाको होडीतून उतरायचा, बायबल उघडायचा, आणि अंगाला काजळी फासलेला काल्फाउ झाडामागून धावत येऊन त्याच्या डोक्यात सोटा घालायचा. पोरं खिदळायची, बायका डोळे पुसायच्या. मग गोरा मिशनरी यायचा, सगळे गुडघे टेकायचे, आणि भट्टीतून केळीच्या पानात भाजलेला कंदांचा गरम लापलाप निघायचा. मिशनरी व्हायचा मान गावातल्या बड्या तारिसूच्या घराण्याचा. हे कुणी ठरवलं, असं विचारायची सोय नव्हती.

खरं सांगायचं तर इसाको मेला त्या दिवशी अख्खं गाव किनाऱ्यावर होतं. इसाको आला, पाठोपाठ ताप आला, पोरं पटापट गेली, आणि लोकांनी बसून ठरवून त्याला मारला. सोटे सगळ्यांचे होते, तारिसूच्या पणजोबाचाही. पुढे मिशनरी येऊन ‘कोणी मारलं?’ विचारू लागला, तेव्हा बोट दाखवायला एक घर हवं होतं. खडकाच्या टोकाला राहणारं काल्फाउचं घर लहान, भाऊबंद थोडे. बोट तिकडे गेलं, आणि बोट दाखवणारे मंडळीचे पहिले वडील, म्हणजे कारभारी पंच, झाले. हे गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्याला ठाऊक आहे, आणि प्रत्येक म्हातारा विसरल्याचं सोंग उत्तम वठवतो.

मंडळीचा वडील होणं म्हणजे आमच्याकडे मोठी गोष्ट. देवळात उपदेश करणारे पाळक येतात, बदलून जातात. वडील मरेपर्यंत वडील. प्रभुभोजनाच्या रविवारी येशूच्या आठवणीत खायच्या भाकरीचं ताट तेच बाकांमधून फिरवतात. काल्फाउला आयुष्यात तेवढंच हवं होतं. त्याचा बाप हीच इच्छा घेऊन मेला होता, आणि मरताना तिचं ओझं पोराच्या गळ्यात बांधून गेला.

म्हणून हा माणूस राबला. समुद्रातलं पोवळं काढून, जाळून, त्याचा चुना करून देवळाच्या भिंती दरवर्षी पांढऱ्या करायचा तोच. वादळात छप्पर उडालं तेव्हा आधी देवळाचं बांधलं, मग स्वतःचं. तोवर बायको लेपाकोआ पोरं घेऊन भिजत बसली. कावा या मुळीच्या नशिल्या पेयाला तो कधी शिवला नाही. संध्याकाळी कावाच्या झोपडीवरून जाताना जोडीदार हाका मारायचे, “ओ पाळकबुवा, एक करवंटी घ्या की! देव काय मोजायला बसलाय?” तो हसून पुढे जायचा. नवे वडील निवडायची वेळ आली की त्याचं नाव निघायचं, आणि थोरले वडील तारिसू मान हलवून म्हणायचे, “माणूस चांगला आहे हो. पण घर? अजून थोडं थांबू.”

मंडळीला दीडशे वर्षं झाली, त्या वर्षी इसाकोचे वंशज सामोआहून येणार असं ठरलं. पाळकांनी काल्फाउला बोलावून घेतलं. “तू त्यांची माफी माग. ते माफ करतील. मग तुझ्या घराकडे कोण बोट दाखवणार? पुढच्या निवडीत तुझं नाव मी स्वतः मांडतो.”

घरी लेपाकोआ रताळी सोलत होती. ऐकून तिनं सुरी खाली ठेवली. “मारलं गावानं आणि गुडघे टेकणार तुम्ही?”

“एकदाच गं. एकदा होऊन जाऊ दे.”

“अहो, न केलेल्याची माफी मागितली की ते केलेलं होतं. एवढंही कळत नाही?”

“तुला मी वडील व्हायला नकोय का?”

“मला तुम्ही शहाणे व्हायला हवे आहात,” ती म्हणाली आणि पुन्हा सुरी उचलली.

सामोआच्या लोकांची रीत अशी, की माफी मागणाऱ्यानं त्यांच्यासमोर मान खाली घालून बसायचं आणि अंगावर चटई पांघरायची. दुखावलेल्या घरानं ती उचलली की माफ. देवळासमोरच्या गवतावर काल्फाउ तसा बसला. चटईखाली उकडत होतं. बाहेर इसाकोच्या घरची एक म्हातारी काहीतरी विचारत होती, आणि पाळक तिचं बोलणं सगळ्यांना सांगत होते. “आजी विचारतात, हा एकटाच कसा? आमच्याकडे चटईखाली अख्खं गाव बसतं. बाकीचे कुठे आहेत?”

मग तारिसूचा आवाज आला, “करणारं घर एकच होतं, आजी.”

म्हातारी शहाणी होती. ती खाली वाकली आणि चटईलाच तिनं विचारलं, “खरं का, बाळा?” पाळकांनी तेही समजावून सांगितलं.

हाच तो क्षण. एक ‘नाही’ म्हटलं असतं तर दीडशे वर्षांचं सोंग तिथंच गवतावर उताणं पडलं असतं. पण पाहुण्यांसमोर गावाची लाज जाईल, पाळक तोंडघशी पडतील आणि ताट हातचं जाईल, असं भाबड्याच्या मनात आलं.

“खरं आहे,” तो आतून म्हणाला. “आमच्याच हातांनी.”

म्हातारीनं चटई उचलली, त्याला कुशीत घेतलं. गाव रडलं. मेजवानीला डुकरं कापली गेली. तारिसूही रडले, आणि मला विचाराल तर ते मोकळं झाल्याचं रडू होतं.

पुढच्या निवडीला लेपाकोआनं त्याच्या पांढऱ्या शर्टाला इस्त्री केली. पाळकांनी शब्द पाळला, नाव मांडलं. तारिसू उठले, चष्मा पुसला.

“आपण माफ केलंय, मनापासून. पण माफ करणं वेगळं आणि भाकरीचं ताट हातात देणं वेगळं. आजवर नुसतं ऐकून होतो, म्हणून थांबू म्हणायचो. आता त्यानं स्वतःच्या तोंडानं, पाहुण्यांसमोर, देवळाच्या दारात कबूल केलंय. आमच्याच हातांनी, म्हणाला. ऐकलंत ना सगळ्यांनी?”

सगळ्यांनी ऐकलं होतं. माना डोलल्या.

काल्फाउ उभा राहिला. “अख्खं गाव होतं त्या दिवशी. तुमचा पणजोबाही होता, तारिसूकाका.”

“मग चटईखाली का नाही बोललास, बाळा?” तारिसू अगदी मायेनं म्हणाले.

लेपाकोआनं त्याचा शर्ट ओढून त्याला खाली बसवलं. पाळक पुस्तकाची पानं चाळत राहिले. तारिसूचा जावई वडील म्हणून निवडला गेला.

त्या रविवारी प्रभुभोजन होतं. नवा वडील ताट घेऊन बाकापाशी आला. काल्फाउनं ताट हातात घेतलं, त्यातल्या भाकरीकडे पाहिलं आणि एक तुकडाही न घेता शेजाऱ्याकडे सरकवलं. बाहेर पडताना तारिसू पायरीवर उभे होते. चार माणसांना ऐकू जाईल एवढ्याच आवाजात ते म्हणाले, “बघितलंत? मन खातंय त्याला अजून.”