कोंडाईचा डावा डोळा

जेवण झालंय, भांडी तशीच पडलीत आणि मी प्रूफं मांडीवर घेऊन आरामखुर्चीत बसले आहे. रविवारचे तीन वाजलेत. डोळे मिटायचे नाहीत असं ठरवून मी डोळे मिटते. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून मी दमले नाही, तेवढी ही सहा पुस्तकं लिहून दमले.

प्रूफं सहाव्या, शेवटच्या पुस्तकाची आहेत. मालिका भुयारी लोकांची. गुडघ्याएवढी उंची, लांब कान, राखाडी कातडी आणि जमिनीखाली कारखाने. इंग्रजी शाळेतली मुलं त्यांना सरळ गॉब्लिन म्हणतात, मी हरकत घेत नाही. त्यांनी घडवलेल्या दिव्याला तेल लागत नाही, त्यांनी केलेलं कुलूप खोटं बोलणाऱ्याला उघडत नाही. मंत्रबिंत काही नाही, जी काय जादू आहे ती हातांत. शेवटून दुसऱ्या पानावर मी ते सगळे मारले आहेत. पूर येतो, भुयारं भरतात, संपलं. एका परिच्छेदात उरकलं.

समोर टेबलावर कोंडाईचं चित्र टेकवून ठेवलंय. कोंडाई म्हणजे भुयाऱ्यांमधली सगळ्यात म्हातारी कारागीर. पेन्सिलीचं काम पुरं झालंय, सुरकुत्यासुद्धा मोजून घ्याव्यात अशा आहेत, फक्त डोळे नाहीत. आनंदराव चौगुले डोळे सगळ्यांत शेवटी काढायचे. कोल्हापुरात सिनेमाची बॅनरं रंगवायचे, तेव्हापासूनची सवय. पाच पुस्तकांतला प्रत्येक भुयारी त्यांच्या हातचा. सहाव्यातल्या कोंडाईचे डोळे काढायच्या आधी, गेल्या श्रावणात, ते गेले.

पंखा कुरकुरतोय. ब्लेडनं पेन्सिल तासावी तसा आवाज येतोय. मग पंखा थांबलेला असतो आणि आवाज येतच असतो.

"झोपलासा व्हय बाई?"

"नाही," मी म्हणते. तासाला डुलक्या घेणारी मुलं म्हणायची, अगदी तसं.

आनंदराव फरशीवर मांडी घालून बसलेत. पेन्सिलीचं टोक बोटभर लांब काढलंय, साली पायाजवळ पडल्यात. ते गेलेत हे मला पक्कं माहीत आहे. भीती वाटत नाही, रागच येतो. एवढा उशीर का केला म्हणून.

"तुम्ही गेलात ना?"

"गेलो की."

"मग आता कसे?"

"हजेरी हाय म्हटलं आज."

फरशी वर्गाची आहे. मी खुर्चीतून उठतच नाही आणि तरी फळ्यासमोर उभी असते. बाकांवर भुयारी बसलेत, पाय अधांतरी. पहिल्या बाकावरच्याचं तोंड आमच्या पेठेतल्या इस्त्रीवाल्याचं आहे, त्याच्या मागचीचं शेवंताबाई भाजीवालीचं. आनंदरावांनी एकही चेहरा मनानं काढला नाही, सगळी पेठ कान लांब करून पुस्तकात घातली. इस्त्रीवाल्याला ते कळलं तेव्हा त्यानं दुकानात ते पान फ्रेम करून लावलं होतं.

मी नावं घेते. "हजर बाई," "हजर बाई." शेवटच्या बाकावर कोंडाई बसली आहे. तिचं नाव घेतल्यावर ती उठते आणि भिंतीकडे तोंड करून म्हणते, "हजर." मी कुठे उभी आहे ते तिला दिसत नाही.

वर्गात पाणी आलंय. माझी पावलं ओली होतात. पाणी बाकांच्या पायांपर्यंत चढतं आणि कुणीही जागचं उठत नाही. तीस वर्षांत असा शिस्तीचा वर्ग मला मिळाला नव्हता, आणि मला तो बघवत नाही.

"सोडा यांना घरी," मी म्हणते.

"घरीच पानी भरलंय की," आनंदराव म्हणतात. "का मारलासा ओ?"

आता आम्ही थिएटरच्या मागच्या, आनंदराव बॅनरं रंगवायचे त्या पत्र्याच्या शेडमध्ये आहोत. शेडच्या उंचीचं बॅनर भिंतीला टेकवलंय, कोरं. त्याच्याखालूनही पाणी येतंय. मी उत्तर पाठ केलेलं असतं. "प्रकाशकांना शेवट दणदणीत हवाय. शिवाय पूर मोठा आहे, त्यात कोण वाचणार? आणि आनंदराव, मी दमले हो. रोज उठून त्यांना जिवंत ठेवायचं म्हणजे फार होतं."

"दमलासा तर झोपा की. माणसं कशाला मारायची?"

"ती माणसं नाहीत."

"बरं," ते म्हणतात आणि पेन्सिल फुंकतात. पुन्हा तासायला लागतात. ही त्यांची जुनी खोड. समोरचं माणूस खरं बोलेपर्यंत ते असे पेन्सिल तासत बसायचे.

पाणी घोट्याच्या वर आलंय.

"दुसऱ्या कुणी ते काढू नयेत म्हणून मारले," मी म्हणते. "तुमच्यामागं कुणीतरी येणार, कोंडाईला भलतेच डोळे लावणार. ते मला बघायचं नव्हतं. तुम्ही नाही तर तेही नकोत." एवढं बोलताना मला रडू येतं, आणि ते मी लपवत नाही.

"आमची सारिका आली हुती न्हवं तुमच्याकडं?"

सारिका त्यांची मुलगी. फलकांची डिझाइनं करते, कॉम्प्युटरवर. दोनदा आली होती. म्हणाली, बाई, चित्र मी पुरं करू का? दोन्ही वेळा मी तिला चहा दिला आणि वाटेला लावलं.

"तिचा हात तुमच्यासारखा नाही," मी म्हणते.

"नसंना. पयल्या पुस्तकात काय लिवलंय तुमी?"

मला पाठ आहे. भुयाऱ्यांचा कारागीर मेला की त्याचं अर्धं राहिलेलं काम त्याच्याबरोबर पुरायचं नाही. दुसऱ्यानं ते हातात घ्यायचं आणि पुरं करायचं. आणि सांधा घासून लपवायचा नाही. एकाचा हात कुठे थांबला आणि दुसऱ्याचा कुठे सुरू झाला, ते दिसलं पाहिजे.

"ते मुलांसाठी लिहिलं होतं, आनंदराव."

"आता बगा! मी खरं धरून बसलोय की ओ." ते पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघतात. खूप थकलेले दिसतात, माझ्याइतकेच. "डोळं ऱ्हायलं, तवा जिवाला लई लागलं हुतं. मग म्हटलं, असू दे. भुयाऱ्यांचा नियम हाय, बाईंनीच लिवलाय. कोनतरी करंल पुरं. तेवढ्यावर निवांत गेलो."

मी बॅनरकडे वळते.

बॅनर आता कोरं नाही. त्यावर कोंडाई आहे, शेडएवढी, सुरकुत्यांसकट. आनंदराव पेन्सिल माझ्या हातात देतात. ती कोमट आहे.

"काढा."

"मला नकाशांशिवाय काही काढता येत नाही."

"मग नकाशा काढा. पानी चढालंय, बाई."

मी शिडीवर आहे. एक गोल, तोही वेडावाकडा. त्याच्या आत दुसरा, आत तिसरा, फळ्यावर हजार वेळा रंकाळा तलाव काढला तसा. खाली बाकं सरकल्याचा आवाज येतो, वर्ग सुटताना येतो तसा. पाण्यातून छोटी छोटी पावलं कुठेतरी वर, पायऱ्यांवर चढताहेत.

"आनंदराव, बरा आलाय का?"

"लई वंगाळ," ते हसून म्हणतात. "ऱ्हाऊ द्या."

पंखा कुरकुरतोय. साडेचार वाजलेत. मान अवघडली आहे, भांडी तशीच पडलीत, प्रूफं खुर्चीखाली घसरलीत. माझ्या अंगठ्याला आणि शेजारच्या बोटाला शिसं लागून काळं झालंय. मी टेबलाकडे बघते आणि मग चष्मा लावून पुन्हा बघते.

कोंडाईला डावा डोळा आहे. एकात एक तीन वेडेवाकडे गोल. तिच्या सुरेख सुरकुत्यांमध्ये तो फारच वाईट दिसतोय. तो माझ्या हातचा आहे, त्यात शंकाच नाही. उजवी जागा कोरी आहे.

मी प्रूफं उचलते, शेवटून दुसरं पान काढते आणि पुराच्या परिच्छेदावर लाल पेनानं आडवी रेघ मारते. ते पुन्हा लिहायचं म्हणजे महिना जाणार. जाऊ दे. मग फोन लावते.

"सारिका, मी बोलतेय. कोंडाईचा एक डोळा मी काढलाय."

"तुम्ही?" ती गोंधळते. "कसा आलाय ओ बाई?"

"रंकाळ्यासारखा."

ती हसावं की नाही अशी थांबते. "मी पुसून नीट करून देऊ का? पप्पांसारखा?"

"पुसायचा नाही. दुसरा तू काढायचास, तुझ्यासारखा."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज येतो.

"कधी येऊ?"

"आत्ता ये," मी म्हणते. "उजेड आहे तोवर."