पाथरी ते परभणी, खोकडाचं शेपूट मांडीवर घेऊन

पटलं नाही तर घरी आल्यावर पोशाख-बिशाख सगळं चुलीत घालीन, असं लेकीला स्पष्ट सांगूनच मी निघाले. ती म्हणली, "घाल. पण आधी बघ तरी."

लेक म्हणजे मेघा, वय एकवीस. पाथरीत माझ्याच शिलाईच्या दुकानात बसते. चार वर्षांपासून मोबाईलवर खोकडाची, म्हणजे लहान कोल्ह्याची, चित्रं काढायची. मग कळलं, असे लय जण आहेत. आपल्या मनानं एक जनावर ठरवायचं, त्याला नाव द्यायचं, त्याची चित्रं काढायची. कुणी कुणी त्याचा अख्खा पोशाख करून घालतात. यांना फरी म्हणतात. मेघाच्या खोकडाचं नाव रुई. पुण्या-मुंबईकडं यांचे मेळावे आधीपासून होतात म्हणे. आपल्या मराठवाड्यात पहिल्यांदा तिघंच होते, तेही फोनवर. मागच्या वर्षी संभाजीनगरच्या एका बागेत सात जण भेटले. यंदा परभणीत एकोणीस यायचे होते. नांदेड, लातूर, संभाजीनगर, सगळीकडची रेल्वे तिथं येते म्हणून परभणी.

मला काहीच पटत नव्हतं. तोंड झाकून अनोळखी लोकांत जायचं, खरं नावसुद्धा सांगायचं नाही, हे काय चांगल्या माणसांचं काम आहे? डोक्यात नको नको ते यायचं. तरी पोशाख मीच शिवला. दुसऱ्या कुणाकडून वाकडातिकडा शिवून आणला असता तर मला बघवलं नसतं. तुम्हाला शिवायचा असेल तर फरचं कापड कात्रीनं कापू नका. उलट्या बाजूनं ब्लेडनं कापतात, हे मला नंतर कळलं. तोवर आठ दिवस आमच्या वरणात केस निघत होते.

शिवरात्रीनंतरच्या रविवारी निघालो. पाथरीहून परभणीची एसटी मानवतवरून जाते. सव्वा तास धरा. बायांना अर्धं तिकीट. सकाळची लवकरची गाडी बरी, नंतर ऊन भाजतं. खोकडाचं डोकं पोत्यात बांधून वर ठेवलं. शेपूट कुठंच मावेना, ते माझ्या मांडीवर.

मानवतला एक म्हातारे बाबा शेजारी येऊन बसले. शेपटाकडं बघत राहिले.

"बाई, काय मारलंय हे?"

"मारलं न्हाई, शिवलंय."

"कामून?"

"लेकीला इचारा."

मेघा खिडकीबाहेर बघतच म्हणली, "मी खोकड व्हायलेय, आजोबा."

मला वाटलं आता हे अख्ख्या गाडीला सांगणार. पण बाबा म्हणले, "आमच्या गल्लीत मोहरमला वाघ व्हायचे, नवसाचे. अंगाला पट्टे रंगवून, शेपटी लावून." मग शेपूट हातात घेऊन तोलून बघितलं. "पर हे लय जड केलंय तुमी."

माझ्या शिवणीला नावं ठेवतो! "जिनिंगवरचा चांगला कापूस भरलाय," मी म्हणलं आणि तोंड फिरवलं.

परभणीच्या स्टँडजवळ सुशीला खाल्ली. बाहेरच्यांसाठी सांगते, भिजवलेल्या चुरमुऱ्यांना फोडणी देतात, वरून दाळव्याचं कूट. पोटभर होते. मग ऑटोनं एका खानावळीच्या वरच्या हॉलवर गेलो. दारात चष्मेवाली एक पोरगी उभी, लातूरची निकिता.

"काकू, आत यायच्या आधी नियम ऐका. पोशाखातला माणूस बोलत न्हाई. सगळ्यांसमोर डोकं काढत न्हाई, त्यासाठी बाजूची खोली हाय. आणि इचारल्याशिवाय कुणाला हात लावायचा न्हाई."

"माझ्या लेकीलाबी?"

"तिलाबी इचारून."

"मी जन्म दिलाय तिला."

"तरीबी काकू."

आगाऊ वाटली मला.

आत बहुतेक जण साध्या कपड्यांतच होते, गळ्यात आपापल्या जनावराचं चित्र अडकवलेलं. पोशाख चारच. आतून नीट दिसत नाही म्हणून प्रत्येक पोशाखामागं एक सोबती फिरतो. मेघाची सोबती निकिताच. गाणं लागलं आणि रुई नाचायला लागली. दुकानात गिऱ्हाइकासमोर मान वर न करणारी माझी पोरगी कंबर हलवून नाचत होती. मी बघतच राहिले. तेवढ्यात तिनं माझ्याकडं बघून उजव्या कानाला दोनदा हात लावला. लाडात आली असंल म्हणून मीही हात हलवला.

खाण्याची प्लेट घ्यायला बाजूला गेलेली निकिता ती टाकून धावली. कानाला दोनदा हात ही त्यांची ठरलेली खूण होती: मला बरं वाटत नाही, बाहेर काढा.

बाजूच्या खोलीत डोकं काढलं तर मेघाचं तोंड लालबुंद, डोळे फिरलेले. तिथं टेबलफॅन, ओले नॅपकिन, मीठ-साखरेचं पाणी, सगळं आधीच मांडून ठेवलेलं. मी ओरडत होते, ती पोरं काम करत होती. बँकेत नोकरी करणाऱ्या एका दादानं हळूच विचारलं, "काकू, पोशाखाच्या पोटात काय भरलंय?"

"कापूस."

मग तोच म्हणला, "फोम भरतात काकू. कापूस घाम पितो."

हात लावून बघितला. पोट, खांदे, शेपूट, सगळं ओल्या गादीसारखं. मी सकाळपासून या लोकांत चोर शोधत होते. लेकीच्या अंगावर ते ओझं मीच शिवून घातलं होतं.

कुणी एका शब्दानं बोललं नाही मला. मी पिशवीतलं ब्लेड काढलं आणि टाके उसवायला बसले. गळ्यात घुबडाचं चित्र अडकवलेल्या एका शाळामास्तरानं शेपूट धरलं. "टाका काय बारीक हाय काकू! मला पंख शिवून द्याल का?"

मेघानं पाणी पिऊन डोळे उघडले. "आई, तू हात हलवलास."

"मला काय म्हाईत!"

"मीच सांगायला पायजे होतं," ती म्हणली आणि हसली.

दुपारी सगळ्यांनी आम्ही घरून नेलेले धपाटे संपवले. ऊन उतरल्यावर पोट नसलेली रुई पाचच मिनिटं पुन्हा बाहेर आली, तर सगळे ओरडले, "उपाशी खोकड!" परतीच्या गाडीत मला मानवत कधी गेलं कळलं नाही. लय महिन्यांनी अशी झोप लागली.

चुलीत काही गेलं नाही. कापूस गच्चीवर वाळवला, त्याची उशी झाली. तुमचं लेकरू असं काही करत असेल तर एकदा सोबत जा. जायच्या आधी त्यांची खूण विचारून घ्या.

परभणीहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी मशीनवर बसून पाठ धरली होती. मेघा पुढं गिऱ्हाइकाला ब्लाऊजचे गळे दाखवत होती. मी उगीच उजव्या कानाला दोनदा हात लावला. ती गिऱ्हाईक तसंच सोडून तांब्या घेऊन आली.

"काय व्हायलंय आई?"

"काही न्हाई. जा, गिऱ्हाईक बघ," मी म्हणलं, आणि पाणी पिऊन टाकलं.