देवळाची कोंबडी

जाईबाईच्या घरात सुनेपेक्षा कोंबडीचा मान मोठा, हे गल्लीत कुणीही सांगेल. सुनेला कालची भाकरी, कोंबडीला भिजवलेली बाजरी. पण ती कोंबडी साधी नाही, देवळाची आहे. म्हणजे चर्चची, ख्रिस्ती वस्तीत चर्चला देऊळच म्हणतात.

सुगी झाली की उपकारसण. पिकातला वाटा देवळात आणायचा आणि तिथंच त्याचा लिलाव. पहिली बोली जाईबाईच्या कोंबडीवर. जो घेईल त्यानं पैसे द्यायचे आणि कोंबडी परत करायची, की पुन्हा बोली. दिवसभर विकली जाऊन ती संध्याकाळी जाईबाईच्याच काखेत घरी येते. पहिल्या लिलावातल्या कोंबडीचाच हा वंश, असं जाईबाई सांगते. कोंबडा कुणाचा, हे विचारू देत नाही.

यंदा रोग आला आणि खुराड्यात एकच उरली.

सणाला देवळाच्या पाद्र्यांनी, पाळकसाहेबांनी, विजयसिंहांना बोलावलं. केजच्या वाटेवर त्यांचा मळा, त्यात निवडणूक तोंडावर; न येऊन सांगतात कुणाला. त्यांनी बोली अशी चढवली की बाकीच्यांची तोंडं मिटली. टाळ्या झाल्या. विजयसिंहांनी कोंबडी ड्रायव्हरकडं दिली, सगळ्यांना हात जोडले आणि गाडी गेलीसुद्धा.

लोक बघतच राहिले. परत द्यायची असते, हे त्यांना सांगायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

"आता कोणत्या तोंडानं मागायची?" पाळकसाहेब म्हणाले.

"माझ्या," जाईबाई म्हणाली. "सारी गल्ली भिती ह्या तोंडाला. कवा कामाला यायचं ते?"

मिळेल त्या जीपनं तिनं मळा गाठला. विजयसिंहांच्या बायकोच्या, विजयमालाबाईंच्या मिक्सरमध्ये खोबरं फिरत होतं. जाईबाईनं आधी पालथं डालं वर करून कोंबडी जिती असल्याचं बघितलं, मग नमस्कार केला.

"आजी, कशापायी आलात?" विजयसिंहांनी विचारलं.

"दादा, आमचा पयला लिलाव झाला तवा देऊळ नव्हतं. लिंबाखाली भजन व्हायचं. माझ्या आजेसासूनं कोंबडी ठिवली. तुमचे पणजोबा घोड्यावरनं चाललेले. गंमत म्हनून बोली केली, पैसे टाकले. पर आमच्या घरची कोंबडी न्यायची कशी? त्यांचं घर बाटलं आसतं. तिथंच सोडून गेले. मग पाळकानं परत बोली लावली, परत लावली. त्यातून देवळाची पयली भिंत उठली. तवापसून ही रीत."

मिक्सर थांबला.

"तुमी नेली, अन् खायाला नेली. आजेसासू आसती तर नाचली आसती. दुसरं साल आसतं तर मी सोता कापून दिली आसती. पर यंदा येवढीच हाय."

विजयसिंहांनी स्वतः डालं उचलून कोंबडी बाहेर काढली.

"अन् ह्या मसाल्याचं काय करू?" विजयमालाबाई म्हणाल्या.

"अंडी सोडा त्यात. दुकानातली," जाईबाई म्हणाली.

मग ती त्यांच्या स्वयंपाकघरात मांडी घालून जेवली. गल्लीत कुणी म्हणतं दोन भाकरी खाल्ल्या, कुणी म्हणतं चार. ज्याची जशी जाईबाईशी दुश्मनी.

उन्हं उतरताना विजयसिंहांची गाडी देवळापाशी आली. मागच्या सीटवर जाईबाई, मांडीवर कोंबडी. लिलाव परत सुरू झाला. पुन्हा विजयसिंहच जिंकले, आणि या खेपेला आपल्या हातानं त्यांनी कोंबडी जाईबाईला दिली.

तिनं ती काखेत मारली.

"पिल्लं झाली की एक जोडी तुमच्याकडं धाडते," ती म्हणाली. "खायाला. परत देयाची न्हाई."