शालूबाईची कोरांटी

भाजे गावच्या शालूबाईच्या तोंडी लागायला कुणी धजत नसे. एकट्या तिच्या नवऱ्यानं, महिपतीनं, तिचं बोलणं कधी मनावर घेतलं नाही.

घरामागच्या परसात सुबाभळी माजल्या होत्या. लावल्या कुणी नव्हत्या. शेंगा तडकायच्या, बी पडेल तिथं रोप उगवायचं, न्हाणीच्या भिंतीतूनसुद्धा. खाली साधी मिरची धरत नसे. "तोडा त्या," म्हणून शालूबाईनं वर्षानुवर्षं डोकं फोडलं. पण रविवारी लेणी बघायला येणारे लोक त्याच सावलीत गाड्या लावत आणि महिपतीच्या हातावर काहीबाही टेकवून जात.

एका रविवारी सून सविता केस पुसत न्हाणीतून बाहेर आली, तर गाडीला टेकलेला एक जण मोबाईलवर तिचं शूटिंग करत होता. ती किंचाळली. शालूबाई मुसळ घेऊन धावली, तोवर गाडी सुटली होती.

"पाव्हणं हायती, जाऊ दे. गावात बोभाटा कशाला?" महिपती म्हणाला.

शालूबाईच्या अंगाची लाहीलाही झाली. "आन् सून कुणाची हाय?"

दुसऱ्या दिवशी तो चार दिवसांसाठी वराळे गावाला गेला, तशी तिनं कुऱ्हाड काढली. सविताही पदर खोचून आली. दोघींनी झाडं आडवी केली. नुसती तोडली तर सुबाभूळ पुन्हा फुटते, म्हणून मुळंही खणली. सविता रडत होती, पण तिची कुदळ थांबत नव्हती.

महिपती परतला आणि दारातच ओरडला, "सगळी सावली मारलीस! आता गाड्या कुटं लावायच्या?"

"तुमच्या छाताडावर लावा!"

माहेरी, तिकोणा पेठेला जाऊन तिनं जास्वंदीच्या, तगरीच्या फांद्या आणल्या. गाड्या आत यायच्या वाटेवर मात्र काटेरी कोरांटी दाट लावली. महिपतीनं महिनाभर अबोला धरला. तिनं त्याला जेवायला वाढलं, पण समजूत घातली नाही.

पुढच्या दिवाळीत कोरांटी पिवळीधमक फुलली. न्हाणी आता रस्त्यावरून दिसत नव्हती. एका सकाळी महिपती देवाला फुलं तोडायला परसात शिरला.

"हात लावू नका," शालूबाई चुलीपासूनच गरजली. "आदी सविताला इचारा."

महिपतीनं हात मागं घेतला. मग त्यानं सुनेला हाक मारली.