बुनलाईचा पाय

कांदे उपटण्यात बुनलाईचा हात धरणारी बाई थायलंडच्या अख्ख्या सिसाकेत प्रांतात नव्हती. पहाटेची वाफ्यात उकिडवी बसली की ऊन डोक्यावर येईपर्यंत उठायची नाही, आणि त्याचा तिला ताठाही होता. यंदा उजव्या पायाला मुंग्या आल्या त्या गेल्याच नाहीत. पाऊल वर उचलेना, चालताना फटक फटक आपटायचं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मावशी, गुडघ्याजवळची नस दबलीय. उकिडवं बसणं बंद." बुनलाईनं हे कुणाला सांगितलं नाही. लेकाची भिक्खू होण्याची दीक्षा तोंडावर आली होती, त्यात लंगड्या आईची चर्चा कशाला?

विहारात पाय मागे मुडपून बसायचं. भिक्खूंकडे तळपाय करण्याएवढा दुसरा उर्मटपणा नाही. गावातल्या पोरींना हे शिकवायची बुनलाईच, चुकार पायावर चापट मारून.

दीक्षेच्या दिवशी ती पुढेच बसली. तिचा लेक खामपान डोकं मुंडवून, तिच्याकडे पाठ करून भिक्खूंसमोर गुडघे टेकून होता. मंत्र चालू असताना तिचा मुडपलेला पाय सरकून पुढे आला. पायात जीवच नव्हता, तिला कळणार कसं? मागे कुजबूज झाली म्हणून तिनं खाली पाहिलं, तर तिचं भेगाळलेलं पाऊल थेट विहाराच्या प्रमुखांकडे, महास्थविरांकडे रोखलेलं! तिनं दोन्ही हातांनी ते ओढून घेतलं.

"मावशी, आता चापट कुणी मारायची?" शेजारची सुनी हळूच म्हणाली. दोघीचौघी फिसकन हसल्या. बुनलाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लेकाचे कान लाल झालेले तिला मागूनही दिसले.

दुसऱ्या दिवसापासून, सकाळी दारावरून जाणाऱ्या भिक्खूंना गुडघे टेकून भिक्षा वाढायला ती बाहेर येईना. गुडघे टेकले तर उठणार कशी? धाकट्या बहिणीच्या, नोयच्या, हाती ती भात धाडायची. "ताप आहे म्हणावं."

"पाच दिवस ताप? पोरगा तुला पुण्य लागावं म्हणून भिक्खू झाला, आणि तू तोंड लपवून बसतेस!" नोय कडाडली. सहाव्या दिवशी तिनं भाताची टोपली उचललीच नाही.

त्या सकाळी भिक्खूंची रांग पुढे निघून गेली. शेवटचा नवा भिक्खू मात्र बंद दारासमोर थांबला. भिक्खूनं काही मागायचं नसतं. खामपान नुसता उभा राहिला.

"जा ना रे बाबा, बोलणी खाशील," बुनलाई आतून पुटपुटली. तो हलला नाही. शेवटी ती टोपली घेऊन बाहेर आली आणि पायरीवर पाऊल अडकून धुळीत पडली.

खामपाननं हात पुढे केला, तसाच मागे घेतला. भिक्खूनं बाईला शिवायचं नसतं, मग ती आई का असेना. तिचा तळपाय नेमका त्याच्याकडेच वळला होता. ती तो ओढू लागली.

"राहू द्या, आई," तो म्हणाला. त्या पावलासमोरच वाकून त्यानं भिक्षापात्र तिच्या हाताशी धरलं.

समोरून सुनी बघत होती, आणखी चार घरं बघत होती. लाजेनं बुनलाईला मान वर करवेना. तशीच, पाय पसरून, तिनं भाताचा गोळा लेकाच्या पात्रात घातला.